डावा हात हवा, माणूस नको!

क्रिकेटचा एक हंगाम संपला की लगेच दुसरा सुरू होतो. तो असतो खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा. कोण कुठल्या संघात गेला, कोणाला कोणी सोडले, कोणावर किती कोटींची बोली लागली, यावर गावोगाव वाद झडतात. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पांड्या गुजरातच्या संघातून मुंबईच्या संघात आला आणि पुढच्याच महिन्यात रोहित शर्माकडचे कर्णधारपद काढून त्याच्याकडे देण्यात आले. तेव्हा जी बोंब उठली ती आमच्या भिवंडीतही उठली. यंत्रमागाच्या खडखडाटात, गोदामांच्या दारात, चहाच्या टपरीवर जो तो सांगत होता की हा सौदा कसा फसणार आहे. २०२४ च्या हंगामात तर वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली.

आता ही बोली आमच्या तालुक्यातल्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांपर्यंत येऊन पोहोचली आहे. गावात संघमालक असतात, खेळाडूंची यादी असते, कुठे पैशांत तर कुठे गुणांत बोली लागते. आठवडाभर गोदामात माल चढवणारा किंवा लूमवर रात्रपाळी करणारा पोरगा रविवारी कोणाच्या तरी संघाचा खेळाडू होतो. त्याला आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. कारण कोणीतरी त्याचे कसब ओळखलेले असते.

परंतु या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारत नाही. संघ जेव्हा खेळाडू घेतो तेव्हा नेमके काय घेतो? त्याचा हात घेतो की त्याला माणूस म्हणून घेतो? हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात तो एका अस्पृश्य गोलंदाजाच्या वाट्याला आला होता. त्यांचे नाव बाळू पालवणकर. आज क्रिकेटवर तासन् तास बोलणाऱ्यांना ते नाव माहीत नाही, आणि चळवळीतल्या लोकांना माहीत असले तरी ते घेताना आपण अडखळतो. का अडखळतो, ते पुढे येईलच.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. जात चांभार. घराणे कोकणातल्या पालवण गावचे, त्यावरून आडनाव पालवणकर. वडील लष्करात नोकरीला. लष्कर हेच त्या काळी अस्पृश्यांना थोडीफार उसंत देणारे ठिकाण होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही लष्करातलेच, हे वाचकांना सांगायला नको. पुण्याच्या छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. शाळा फारशी झाली नाही. पोटासाठी पहिले काम मिळाले ते पुण्यातल्या पारशी क्लबच्या मैदानावर. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. मधूनमधून सभासदांच्या सरावासाठी चेंडू टाकायचा.

तेथून १८९२ च्या सुमारास बाळू गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. पगार ४ रुपये. म्हणजे त्यांचा पहिला संघबदल एका रुपयाचा! काम तेच, किंबहुना जास्त. खेळपट्टी आखणे, जाळी बांधणे, टेनिसची मैदाने सांभाळणे. पण येथे त्यांच्या डाव्या हाताकडे गोऱ्या फलंदाजांचे लक्ष गेले. हा हात संथ चेंडू टाकत असे, पण चेंडूची लांबी अचूक आणि वळण फसवे. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला इंग्रज फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येऊन तास-तासभर बाळूंच्या चेंडूवर सराव करी. बाद केले की दर खेपेस ८ आणे देई, असे सांगतात. अशा रीतीने ग्रेगची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजी तयार झाली. पण त्या काळात बाळूंच्या हातात फलंदाजीसाठी बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, चेंडू नोकराने टाकायचे. चातुर्वर्ण्य केवळ आपल्याच शास्त्रांत असते असे नाही, मैदानावरही त्याची आखणी होत असते.

पुण्यात हिंदूंचाही एक क्लब होता. त्याला गोऱ्यांशी सामना खेळून जिंकायचे होते. गोऱ्यांना रोज जाळ्यात गोलंदाजी टाकणारा आणि त्यांची नस न् नस ओळखणारा माणूस गावातच होता, पण तो अस्पृश्य होता. त्याला घ्यायचे की नाही यावर क्लबात खल झाला. काही तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, तर पुण्यातल्या मराठी ब्राह्मणांचा विरोध होता. शेवटी ग्रेगनेच जाहीरपणे सुचवले की जातीच्या कारणावरून असा गोलंदाज नाकारणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. मग बाळूंना घेण्यात आले. धर्म आणि विजय यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा विजयाची निवड झाली, पण धर्म सोडला मात्र नाही!

कसा सोडला नाही, ते पाहा. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत होते, झेलत होते, परत फेकत होते. तो चेंडू विटाळत नव्हता. चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपात चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या मडक्यात चहा मिळे. प्यायचे आणि ते मडके टाकून द्यायचे. जेवणाला ताट वेगळे, टेबल वेगळे. हात-तोंड धुवायचे असेल तर क्लबचा एखादा अस्पृश्य नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन येणार. हाताने बळी घ्यावेत, पण त्याच हाताला कप लागू नये, असा हा करार होता. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी ७ बळी घेतले, तेव्हा मिरवणुका निघाल्या. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना हार घातला आणि सोबत खेळणाऱ्याला सोबत जेवायलाही बसवा असे क्लबवाल्यांना सुनावले, टिळकांनीही जाहीर कौतुक केले, अशी नोंद मिळते. गळ्यात हार आला ही गोष्ट चांगलीच. पण हार सुकतात. मडके त्यापेक्षा जास्त काळ टिकले.

१८९६-९७ च्या प्लेगने पुणे उठले. बाळूही मुंबईला गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना घेताना पुन्हा तीच कुरकुर झाली आणि पुन्हा तोच डावा हात जिंकला. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. रेल्वेच्या संघातही ते खेळू लागले. झाडू आणि रोलरपासून सुटका झाली, हातात पगाराची कायमची नोकरी आली. मुंबईने त्यांना पुण्यापेक्षा अधिक दिले, हे मान्य केले पाहिजे. शहर, रेल्वे, गिरण्या यांनी आपल्या समाजाला जो श्वास दिला, त्यातलाच हा एक. आमच्या भिवंडीच्या मागांवर आणि गोदामांत खेड्यापाड्यांतून आलेली माणसे याच कारणाने टिकून आहेत.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी तो १०९ धावांनी जिंकला. त्यात बाळूंचे ८ बळी होते. धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून देशभर आनंद झाला. सुधारकी वृत्तपत्रांनी लिहिले की अस्पृश्याला संघात घेतल्याचे हे फळ आहे आणि जातिभेद सोडल्यास राष्ट्रही असेच जिंकेल. लिहिले, छापले आणि विसरले!

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सुमारच झाली. पहिल्या दर्जाच्या १४ सामन्यांपैकी १० हरले. पण बाळूंनी त्या दौऱ्यातल्या सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. वय ३५, खांदा दुखरा, समोर तगडे इंग्रज कौंटी संघ, आणि तरी ११४! शिवरामांनीही चांगल्या धावा काढल्या. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक तरुण होता, असे बाळूंचा इतिहास लिहिणारे सांगतात. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. म्हणजे बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनाच्या अगदी पहाटे बाळू उभे आहेत. आपल्यातला एक माणूस केवळ गुणाच्या जोरावर साहेबांच्या देशात जाऊन साहेबांना बाद करून येतो, हे त्या काळच्या अस्पृश्य तरुणांना किती बळ देणारे असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आता गुणाची पुढची गोष्ट ऐका. संघात सर्वांत अनुभवी, सर्वांत जास्त बळी घेणारा, खेळाची सर्वाधिक जाण असलेला माणूस कर्णधार होतो, असे आपण समजतो. १९१० ते १९२० या काळात हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना द्यावे असे अनेकांनी वेळोवेळी सुचवले. ते कधीच मिळाले नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै हे सज्जन गृहस्थ. त्यांनी सत्कारातच मोकळेपणाने सांगितले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. पण सज्जन माणसाच्या बोलण्याने निवड समिती बदलत नाही. बळी घेणे हे हाताचे काम, ते अस्पृश्याला देता येते. कर्णधार हुकूम देतो. अस्पृश्याचा हुकूम सवर्णाने ऐकायचा, हे गिळणे अवघड होते. ज्यांना आजही आरक्षणाच्या नावाने गुणवत्तेचे वेड लागते त्यांनी या दहा वर्षांचा हिशेब एकदा द्यावा!

१९२० साली कडेलोट झाला. बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी पडले तेव्हा कर्णधारपद बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे यायला हवे होते. ते त्या वेळचे अव्वल फलंदाज होते. त्यांना डावलून पुण्याच्या दि. ब. देवधरांना कर्णधार केले. देवधर मोठे खेळाडू होते, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार निवडीविषयी आहे. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोन्ही भावांनी संघाबाहेर राहायचे ठरवले आणि त्याचे कारण जात हेच आहे, असे जाहीरपणे मांडले. इतकी वर्षे बाळूंच्या बळींनी जे झाले नाही, ते दोन भावांच्या नकाराने झाले. वृत्तपत्रांत गदारोळ उठला, जिमखाना नमला. पुढच्या सामन्याला पै परतले, दोघे भाऊ परतले, बाळूंना परत घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि पै यांनी काही काळ मैदान सोडून संघ बाळूंच्या हाती दिला. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी युरोपियनांना हरवून त्यांनी करंडक जिंकला. विजयानंतर ज्या खांद्यांवरून लोकांनी विठ्ठलना मिरवले, ते खांदे कोणाकोणाचे होते हे त्या दिवशी कोणी विचारले नाही!

हा नकार फार मोलाचा आहे. तो समजून घेण्यासाठी जरा लांब, अमेरिकेत जाऊन येऊ. तेथे बेसबॉल हा लोकप्रिय खेळ. त्यात हंगाम संपला की एक संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकी. खेळाडूला विचारण्याची पद्धत नव्हती. करारातल्या एका कलमामुळे तो जन्मभर संघमालकाच्या ताब्यात असे. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये सेंट लुई संघाने कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. वार्षिक पगार ९०,००० डॉलर, म्हणजे उपाशी मरणारा माणूस नव्हे. तरी त्याने जायला नकार दिला. आपण विकायची वस्तू नाही, असे त्याने खेळाच्या आयुक्ताला पत्र लिहून कळवले आणि कोर्टात गेला. १९७० चा सबंध हंगाम त्याने घरी काढला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द संपली. पण त्याने पाडलेली भेग बुजली नाही. १९७५ च्या डिसेंबरात लवादाच्या निर्णयाने ते कलम मोडले आणि पुढच्या खेळाडूंना आपला संघ निवडण्याचा हक्क मिळाला. ज्या १९७२ साली फ्लड हरला त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हा निव्वळ योगायोग असेल. पण दोन्हींचे मूळ एकच आहे. आमची किंमत तुम्ही ठरवणार आणि आम्ही मान डोलावणार, हे आता चालणार नाही, हे ते मूळ.

पालवणकर बंधूंनी हा नकार फ्लडच्या ४९ वर्षे आधी दिला होता. दुःखाची गोष्ट ही, की बाळूंना मैदानाबाहेरच्या खेळात तो देता आला नाही. आता आपण का अडखळतो, त्याकडे येऊ.

१९३२ साली जूनमध्ये भारत पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर खेळला. बाळू तेव्हा ५६ वर्षांचे, त्यांचा काळ संपलेला. त्याच सप्टेंबरात पुणे करार झाला. बाबासाहेबांनी झगडून मिळवलेले स्वतंत्र मतदारसंघ गांधीजींच्या उपोषणापुढे सोडावे लागले. बाळू हे स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात एम. सी. राजा यांच्या बाजूला होते आणि करारावर त्यांचीही सही आहे. १९३३ मध्ये ते हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला विरोध केला. आणि १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार दिला, तो हाच बाळू पालवणकर! मुंबईतल्या राखीव जागेवर बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अवघ्या २,०२० मतांचे अंतर.

काँग्रेसने बाळूंना का घेतले? अस्पृश्यांच्या प्रश्नांवर त्यांचे नेतृत्व हवे होते म्हणून? तसे असते तर आधी कधीतरी दिले असते. एकत्रित मतदारसंघात सवर्णांची मते ज्याच्याकडे जातील असा अस्पृश्य उमेदवार आपल्या संघात घ्यायचा, त्याला नाव असले पाहिजे, आणि तो बाबासाहेबांच्या समोर उभा करायचा. महारासमोर चांभार उभा केला की दोघे आपसात लढतील आणि सामना तिसराच जिंकेल, हे गणित होते. पुणे करारातून हेच घडणार, ही बाबासाहेबांची भीती पहिल्याच निवडणुकीत खरी ठरली. १९५२ मध्ये मुंबईत नारायण काजरोळकरांना उभे करून काँग्रेसने तीच चाल पुन्हा खेळली आणि घटनेच्या शिल्पकाराला लोकसभेत जाऊ दिले नाही. पुण्याच्या क्लबाला गोऱ्यांना हरवण्यासाठी बाळूंचा हात हवा होता, काँग्रेसला बाबासाहेबांना हरवण्यासाठी बाळूंचे नाव हवे होते. दोन्ही वेळा मडके वेगळेच होते.

मग बाळूंना काय म्हणायचे? आपल्यातले काही जण एका शब्दात निकाल लावतात. आम्हाला ते मान्य नाही. हिंदू समाज आपल्याला हळूहळू आत घेईल, असे ज्या माणसाला वाटले त्याला तसे वाटण्याइतके अनुभव मिळाले होते. महिना ३ रुपयांवरून तो इंग्लंडपर्यंत गेला होता, गळ्यात हार पडले होते, भाऊ कर्णधार झाला होता. दार थोडे थोडे उघडते आहे, धीर धरावा, असे त्यांना वाटले. बाबासाहेबांनी चवदार तळे आणि काळाराम मंदिर पाहिले होते. दार उघडणारा आतून कडी हातात धरूनच उभा आहे, हे त्यांना दिसत होते. हा दोन अनुभवांतला फरक आहे. मत बाबासाहेबांचे बरोबर ठरले, हे इतिहासाने सांगितले. पण म्हणून ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन पावलेल्या या थोर खेळाडूला आपण त्यांच्या हवाली का करून टाकावे, ज्यांनी त्याला आयुष्यभर बाहेर चहा पाजला?

त्यांनी तरी त्याला कोठे जपले? ३३ प्रथम दर्जाच्या सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५ धावांना एक. एवढी कमाई असलेल्या माणसाच्या नावाने देशपातळीवर एक करंडक नाही. रणजींच्या नावाने आहे, देवधरांच्या नावाने झाला. त्यांचे आणि आपले, दोन्ही घरांत बाळूंचा फोटो नाही. बाबासाहेबांचे वाचक म्हणवणाऱ्यांनी हा कोपरा भरून काढला पाहिजे. बाळूंना दूर ठेवले की चांभार बांधवही दूर जातात, आणि १९३७ ची ती फूट आपण आपल्याच हाताने जिवंत ठेवतो. ती फूट पाडणाऱ्यांना याहून अधिक काय हवे?

दुसरी गोष्ट आमच्या तरुणांसाठी. निवडणूक जवळ आली की राजकारणातही खरेदीचा हंगाम येतो. राखीव वॉर्ड जाहीर झाले की मोठ्या पक्षांचे लोक वस्तीत येतात, चळवळीतला बोलका पोरगा हेरतात, पदाची बोली लावतात. कालपर्यंत पंचशील म्हणणारा आज त्यांचा झेंडा घेऊन आपल्याच उमेदवारासमोर उभा राहतो. तरुणांनी जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. बाळू ३ रुपयांवरून ४ रुपयांवर गेले, त्यात गैर काय होते? पोट आणि पुढे जाण्याची इच्छा यांना नावे ठेवणारे आम्ही कोण? पण जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. हा संघ मला कोणाला हरवण्यासाठी घेतो आहे? या संघात मला हुकूम देता येईल की नुसते चेंडू टाकायचे? आणि चहा मला आत मिळणार की बाहेर?

उत्तरे समाधानकारक नसतील तर विठ्ठल आणि शिवराम यांनी १९२० साली केले ते करा. एकट्याने नव्हे, भावाला सोबत घेऊन नाही म्हणा. गुण सिद्ध करून दार उघडत नाही, हे बाळूंच्या सगळ्या बळींनी सांगून ठेवले आहे. संघटित नकाराने ते उघडते, हे त्यांच्या भावांनी. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला संघटनेचा धडा याहून वेगळा नाही.

जयभीम!